एक पहारेकरी शिल्लक

३ मार्च

माझी खुर्ची गेली. राज्यं जातात तेव्हा निदान चार तोफा तरी उडतात. माझी खुर्ची एका उशीने घेतली. हिचे बाबा कालपासून आमच्याकडे राहायला आलेत. रस्त्यात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं; बसायला उशी घातलेली उंच खुर्ची हवी, आणि घरात उंच खुर्ची एकच — जिच्यावर बसून मी साप्ताहिकातल्या सदरात वर्षानुवर्षं जगाला नावं ठेवतो. "तुला काय, स्टुलावरही सुचेल," ही म्हणाली.

स्टुलावर सुचतं. फक्त कडवट सुचतं.

५ मार्च

फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. वय आमच्या कन्येच्या आसपास, आवाज हेडमास्तरांचा. बाबांचा पाय वर-खाली करून झाल्यावर मला स्वयंपाकघरात गाठलं. हाड उत्तम जुळलंय म्हणाल्या. चालायला काही हरकत नाही, पण ते चालत नाहीत. "असेच बसून राहिले तर पायातली ताकद जाईल. मग मी रोज आले तरी उपयोग नाही."

बाबांना विचारलं. "बघू," म्हणाले. वॉकरवर त्यांचा टॉवेल वाळतोय. एवढं महागडं टॉवेल-स्टँड आमच्या घरात याआधी कधी नव्हतं.

९ मार्च

खुर्चीसमोर कन्येचा कॉम्प्युटर आहे. ती हॉस्टेलवर, तो इथे. बाबांनी तिला फोन करून विचारलं, यात काय बघता येतं? तिने फोनवरून सांगत सांगत तिचा लाडका गेम लावून दिला. तलवारबाजीचा. जुनं बंदराचं शहर, छपरांवरून उड्या, आणि दर वळणावर कुणीतरी गळा कापायला उभं.

बाबा उड्या मारत नाहीत. रस्त्याने चालतात. नोकरी सगळी ड्रेनेजच्या नकाशांत गेली, त्यामुळे गटारं बघत चालतात. "उतार चुकलाय हो यांचा —" एवढं म्हणेपर्यंत मेले. उठले, पुन्हा मेले. "अहो, मला कशाला मारताय, मी नुसता बघतोय!" हे पडद्यावरच्या दरोडेखोराला. अगदी कळवळून.

११ मार्च

कन्येचा तोडगा — मॉड. म्हणजे कंपनीने केलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यांनीच घरबसल्या केलेली ढवळाढवळ. करतात आणि फुकट वाटतात. पान उघडून बघितलं. एकाने राक्षसाला बोकडाचं डोकं लावलंय. एकाने नायकाच्या हातात तलवारीऐवजी छत्री दिलीय. एकाने महिनोन् महिने खपून फक्त भिंतींवरचं शेवाळ अधिक हिरवं केलंय! माणसाला रिकामा वेळ मिळू नये, या माझ्या मताला एकाच पानावर एवढा पुरावा कधी मिळाला नव्हता.

त्यातच 'झाडूवाला' असं नाव घेतलेल्या कुणाचा एक मॉड. शत्रू सगळे काढून टाकलेले. शहर तसंच, मारणारं कुणी नाही. "हा घ्या आजोबांना," कन्या म्हणाली. घेतला.

१२ मार्च

बाबा जिवंत आहेत. दिवसभर!

१६ मार्च

झाडूवाल्याच्या हातून एक जण निसटलाय. पुलाजवळचा पहारेकरी. तलवार नाही, अंगावर येत नाही. तोंड भिंतीकडे करून चालतोय. पाय हलतात, भिंत हलत नाही, हा जागच्या जागी.

बाबा रोज शहरभर हिंडून शेवटी त्याच्यापाशी येतात. आज दारातून ऐकलं — "काय पाहुणे, अजून इथंच? बरं, मी जरा बंदरावर जाऊन येतो."

आणि खरी बातमी ही — त्याला भेटून झालं की बाबा खुर्चीतून उठतात आणि वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जाऊन येतात. कुणी न सांगता. टॉवेल दोरीवर गेला.

फिजिओ बाईंनी विचारलं, "कुठपर्यंत चाललात?"

"पुलापर्यंत."

"कुठल्या पुलापर्यंत?"

मी खोकलो.

१९ मार्च

लेख आयता चालून आला! अडकलेला म्हातारा, अडकलेला पहारेकरी, दोघांपुढे भिंत. म्हातारा त्याच्यात स्वतःला बघतो, वगैरे. हिला वाचून दाखवला.

"छान आहे. बाबांना विचारलंस का, ते का जातात त्याच्याकडे?"

विचारायचं काय त्यात? उघड आहे.

२२ मार्च

पहारेकरी गेला. झाडूवाल्याने मॉडची नवी आवृत्ती काढली, कॉम्प्युटरने ती न विचारता घेतली. सोबत एक ओळ — 'पुलाजवळ अडकलेला पहारेकरी काढला आहे.' बाबा पुलावर बराच वेळ उभे राहिले. म्हणजे बसलेलेच, पण उभे. मग म्हणाले, "बंद करा हे."

२५ मार्च

बंदच आहे. बाल्कनीही बंद. फिजिओ बाईंना "पाय दुखतो" सांगितलं. दुखत नाही. दुखला की ते काहीच बोलत नाहीत, एवढं मला आता कळतं. बाईंनी जाताना माझ्याकडे नुसतं बघितलं.

टॉवेल परत वॉकरवर.

२६ मार्च

झाडूवाल्याला पत्र लिहिलं. 'स्वच्छतेच्या महामेरूस साष्टांग दंडवत' अशी सुरुवात. पुढे तर बहरच आला. झकास उतरलं! दोनदा वाचून मगच पाठवलं.

२७ मार्च

उत्तर आलं. "तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला पहारेकरी परत हवाय, की मला शिव्या द्यायच्यात?"

माझ्या लिखाणाचं इतकं नेमकं परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही. दिवसभर चिडचिड झाली. संध्याकाळी परत लिहायला बसलो. 'माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं आहे. तुमच्या पहारेकऱ्याला भेटून आले की ते चालायचे. तो गेल्यापासून चालत नाहीत. त्याला परत आणता येईल का?' एक विशेषण नाही. सदरा न घालता दार उघडल्यासारखं वाटलं.

३० मार्च

झाडूवाला भला माणूस निघाला. किंवा भली बाई, कोण जाणे. लिहितो — पहारेकरी अडकणं ही चूकच होती, लोकांनी तक्रारी केल्या म्हणून त्याला काढलं. पण परत आणतो. पैसे वगैरे नकोत. "तुम्ही लिहिणारे दिसता. हा मॉड कुणासाठी आहे ते माझ्या पानावर टाकायला दोन ओळी द्या, मला ते लिहायला जमत नाही. आणि सासऱ्यांना विचारा, पहारेकरी अडकलेलाच हवा की सुटलेला? दोन्ही करता येतं."

विचारा! ही ते वाचून भाजी निवडायला गेली. बोलायला हवं होतं, निदान भांडता आलं असतं.

३१ मार्च

विचारलं. "बाबा, तो तुमच्यासारखाच अडकलाय, म्हणून तुम्हाला —"

"माझ्यासारखा?" बाबा म्हणाले. "जावईबापू, तो तुमच्यासारखा आहे. लेख सुचत नसला की त्या कपाटासमोर अस्सेच पाय हलवत उभे असता."

आतून हिचं खुदकन हसणं.

मग बाबा बंद पडद्याकडे बघत म्हणाले, "पडलो ना मी, ते तुमच्याकडेच येताना, या मागच्या गल्लीत. भर दुपारी. हाका मारल्या. कुणी नव्हतंच हो. पायावरचं ऊन तोंडावर आलं तरी कुणी नाही."

आम्हाला तेव्हा सांगितलं होतं, लगेच लोकांनी उचललं म्हणून. ही दारात येऊन उभी होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"मारणारे नकोत, ते ठीक. पण रस्त्यात कुणीतरी असावं. त्याने काही करायला नको. असला की झालं."

थोड्या वेळाने मी विचारलं, "मग अडकलेला सांगू की सुटलेला?"

"सुटलेला." आणि मग, "पण फार लांब नका जाऊ देऊ त्याला."

लेख काढून वाचला. नीटनेटका होता. पाठवला नाही.

५ एप्रिल

पहारेकरी आला! आता पुलापासून विहिरीपर्यंत जातो आणि परत येतो. झाडूवाल्याला स्वतःलाच तो आवडला, सगळ्यांसाठी ठेवला म्हणे. बाबा त्याच्या बाजूने चालतात, गटारांचा उतार समजावून सांगतात. तो ऐकून घेतो. माझ्यापेक्षा चांगला जावई.

दुपारी वॉकर घेऊन घराच्या दारापर्यंत गेले. दार उघडलं. जिन्याकडे बघितलं. लावून घेतलं.

झाडूवाल्याच्या दोन ओळी लिहायला घेतल्या. जितक्यांदा लिहिल्या तितक्यांदा विनोदी झाल्या. खोडल्या.

८ एप्रिल

चारच्या सुमारास बाबांनी बूट पुढ्यात ओढले. नाडीपर्यंत हात पोचेना. मी बांधली. दोघांनीही दुसरीकडे बघितलं. "येता का?" म्हणाले. मागच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि आलो. मी एक शब्द बोललो नाही.

आल्यावर ओळी पाठवल्या — 'या शहरात तुम्हाला मारणारं कुणी नाही. पुलापाशी एक जण असतो, तो थोडं अंतर बरोबर येतो.'

खाली नाव घातलं नाही.