चांगदेव काकांचा इश्यू

दिघी,
मंगळवार

तीर्थस्वरूप रावजी भावोजी यांच्या चरणी मेहुणा गणराज याचं डोकं टेकलेलं आहे असं समजावं.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? राहीताईचं साखरेचं पथ्य चालू आहे, की डब्यातले लाडू उंदीर खातात असं ती अजून सांगते? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. (सगळे म्हणजे नेमके किती, ते पुढे येईलच.)

तुम्ही पेणच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलीत, म्हणून विचारतो, इश्यू या शब्दाचा अर्थ काय? मला आजवर एकच ठाऊक होता. एसटी बंद पडली, इश्यू. मोबाइलला रेंज नाही, इश्यू. व्याही रुसले, मोठा इश्यू. इतका सोयीचा शब्द आपल्या पूर्वजांना कसा सुचला नाही याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही.

त्याचं असं झालं. चांगदेव काकांची खाडीकडची सुपारीची वाडी मुंबईच्या एका गृहस्थांना विकायचं मी ठरवलं. (काका म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही; बोटीवर नोकरीला होते, बिनलग्नाचे वारले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.) गृहस्थांना प्रतिज्ञापत्र इंग्रजीत हवं होतं. श्रीवर्धनच्या मृणाल वकीलबाईंनी मसुदा पाठवला. (वयाने आमच्या पोरीएवढ्या, पण चष्म्यावरून अशा बघतात की आपण आपोआप उभे राहतो.) त्यात वाक्य होतं, चांगदेव डाइड विदाउट इश्यू. मी म्हटलं, हे धडधडीत खोटं! काकांना दमा. हद्दीवरून आमच्या वडिलांशी भांडण. न्हाव्याशी अबोला. बोटीवरून दोनदा काढून टाकलेले. जो माणूस इश्यूशिवाय एक दिवस जगला नाही, तो मरेल कसा? शपथेवर खोटं नको म्हणून मी टायपिंगवाल्याकडून विदाउटचं विथ करून घेतलं, सही ठोकली आणि कागद पाठवून दिला. तुमचा मेहुणा शोभलो असं वाटून त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी एक बाई आली. साठीच्या आसपासची. हिरवं लुगडं, त्याचा खालचा काठ तेवढा ओला. ओट्यावर बसली आणि पाणी मागितलं. आमच्या हिने, चंद्राने, तांब्या दिला, संपला. कळशी दिली, संपली. (आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी. मी बघत राहिलो.) कुठून आलात विचारलं, तर म्हणाली, "पलीकडून." मी खाडीपलीकडच्या आगरदांड्याहून असं धरलं. नाव सोनूबाई. संध्याकाळी धक्क्यावर गेलो तर कळलं, वाऱ्यामुळे फेरीबोट तीन दिवसांपासून बंद आहे.

मग ती रोज येऊ लागली. येताना दिसायची, जाताना कोणी पाहिली नाही. आमचा कुत्रा माझ्यावरसुद्धा भुंकतो, पण ती आली की भिंतीकडे तोंड करून निजायचा. एकदा ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवर हाताने काही चाचपू लागली. तिथे कोनाडा होता, भावोजी; माझ्या लग्नाच्या आधीच आम्ही तो बुजवला. आणि खोकायची ती काकांसारखी. दोनदा बारीक, मग एक लांब.

चौथ्या दिवशी वकीलबाईंचा फोन. "गणराजकाका, विथ कोणी केलं? इश्यू म्हणजे अपत्य! चांगदेवांना मूल होतं असं शपथेवर लिहून दिलंय तुम्ही!" मी पोरीचा जुना शब्दकोश काढला. इश्यू म्हणजे मुद्दा, वाद, मासिकाचा अंक, संतती, वंशज. आणि सगळ्यात खाली, बाहेर येणे. शब्दकोश मिटून ओट्याकडे पाहिलं, तर ती आधीपासून माझ्याकडेच बघत होती.

"बाई, तुम्ही काकांच्या कोण?" मी विचारलं.

"तुमीच लिवलाव ना," ती म्हणाली. "म्हनून आले."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच श्रीवर्धन गाठलं. नवा कागद तयार होता, विदाउट पुन्हा जागेवर. पेन टेकवलं, तोच चंद्राचा फोन. "तुमी काय करताव तिकडं? ही बाय फिकी व्हायला लागली! तिच्या मागची भिंत दिसतेय मला!" मी पेन उचललं. "आता?" "आता बरी हाय. लुगड्याचा रंग परत आला." खात्रीसाठी पेन पुन्हा टेकवून बघावं असं क्षणभर मनात आलं. (आलं, खोटं कशाला सांगू.) मग टोपण लावलं आणि वकीलबाईंना म्हटलं, वाडी विकायची नाही.

परतताना एसटीत ते आठवलं. आठवलं म्हणतो, पण विसरलो कधी होतो? काकांचं तेरावं झालेलं. फाटकाबाहेर उन्हात एक बाई उभी, हाताला माझ्याएवढी मुलगी. ही चांगदेवची, असं ती सांगत होती. वडील म्हणाले, आमच्या भावाला मूलबाळ नाही. मुलीने पाणी मागितलं. माझ्या हातात भरलेला पेला होता. मी तो स्वतः प्यायलो, तिच्याकडे बघत. त्या संध्याकाळी दोघींची होडी आगरदांड्याला पोचली नाही. घरात त्यावर कोणी बोललं नाही, आज बावन्न वर्षं.

घरी आलो. चप्पल न काढताच ओट्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "मी होतो तिथे."

"ठावं हाय," सोनूबाई म्हणाली, आणि मला बसायला थोडी बाजूला सरकली. बसलो. जागा ओली होती.

चंद्रा तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. ती आता ओट्यावर दोन पाट मांडते.

आपला,
गणराज

ता. क. नवं प्रतिज्ञापत्र करतोय, वाडी सोनूबाईच्या नावे करायला. काका वन इश्यू सोडून गेले असं लिहायचं, की ओन्ली इश्यू? एका शब्दाने काय होतं ते पाहिलंय, तेव्हा नीट तपासून कळवा.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. सोनूबाईचा अंगठा तीनदा घेतला. शाई वाळली की कागद कोरा होतो. त्या दिवशी तिला फाटकाशी प्रत्यक्ष पाहिलेल्या दोघांनी लिहून द्यावं, असं वकीलबाई म्हणतात. एक मी. दुसरी राहीताई. फाटकाची कडी तिने लावली होती, वडिलांनी सांगितलं म्हणून. नऊ वर्षांची होती. लग्नानंतर ती माहेरी एक रात्रही का राहिली नाही, हे तुम्ही मला कितीदा विचारलंत. हे पत्र तिला वाचून दाखवा. आणि ती रडली तर रडू द्या. पण तिला घेऊन या.