साठ शब्दांत पाल्हाळ

रविवार, ३ फेब्रुवारी
बाबा बोलले. अर्धांगाचा झटका आल्यापासून चार महिन्यांत पहिला शब्द — आणि तो धाकटीशी!
मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर ही डोळे पुसत हसतेय. "ताई, बाबा ‘मग’ म्हणाले!" कशावर, विचारलं. पडद्याचं कापड घेऊन ती शिंप्याकडे गेली, दुकान बंद, कारण शिंपी दवाखान्यात, कारण त्याच्या मेहुण्याचं ऑपरेशन. तिथे तिने दम घेतला, आणि बाबा म्हणाले, "मग?"
चार महिने रोज सकाळी त्यांची वळलेली बोटं मी एकेक करून उघडते. भिंतीवर तक्ता लावलाय — पाणी, दूध, दिवा — तो म्हणवून घेते. माझ्या ‘पाणी’ला ओठसुद्धा हलत नाहीत. शिंप्याच्या मेहुण्याला मात्र ‘मग’.

४ फेब्रुवारी
पुन्हा म्हणाले. तिलाच.

६ फेब्रुवारी
ऑफिसातून आल्यावर खुर्ची ओढून बाबांजवळ बसले. पुलाचं काम थांबलं ती बातमी सांगितली. कोणी थांबवलं, का, पुन्हा कधी सुरू होणार. चार वाक्यं. थांबून वाट पाहिली. बाबा घड्याळाकडे बघत होते.
विचारायला मी काही ठेवलंच नव्हतं. बावीस वर्षं पेपरच्या पुरवणीची पानं लावतेय, दुसऱ्यांचं लिखाण कापतेय. आणि हे शिकवलं कोणी? बाबांनीच. तारघरात जन्म गेला त्यांचा, जिथे शब्दागणिक पैसे पडत. माझे निबंध ऐकताना बोटांवर शब्द मोजायचे. एखादा नेमका शब्द आला की डावी भुवई वर जायची. धाकटीचा निबंध ऐकताना जांभई द्यायचे.
ती भुवई माझी होती.

८ फेब्रुवारी
सकाळी मी ऑफिसला निघताना, दिवसभर बाबांजवळ थांबायला आलेली धाकटी दारातच सुरू झाली. "अगं, त्या पडद्यांचं पुढे काय झालं माहितेय—" मी चपला घालत होते. म्हटलं, मुद्दा काय? ती म्हणाली, "राहू दे, संध्याकाळी सांगते." जिना उतरताना आतून तिचा आवाज येत होता. बाबांना पहिल्यापासून सांगत होती. मी दोन पायऱ्या थांबले.
‘मग?’ ऐकू आलंच.

११ फेब्रुवारी
पुरवणीतली ‘आजचा शब्द’ ही चौकट माझ्याकडे असते. साठ शब्द, एक कमी नाही, एक जास्त नाही. उद्यासाठी शब्द घेतला — पाल्हाळ. मुद्दा सोडून केलेलं लांबलचक बोलणं किंवा लिहिणं. पाल्हाळ लावतात. जवळचे शब्द चऱ्हाट, लांबण. गुऱ्हाळाला चार माणसं लागतात, पाल्हाळाला एक पुरतो.
मग उदाहरण : ‘शिंप्याच्या दुकानातून निघालेली धाकटी बहीण त्याच्या मेहुण्याच्या ऑपरेशनपर्यंत पोचली, तरी तिचा पाल्हाळ संपेना.’
लिहिताना हात अडखळला नाही. कापताना इतका बारीक आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

१२ फेब्रुवारी
छापून आलं. धाकटी बाबांना पेपर वाचून दाखवते. सगळ्यात आधी माझी चौकट — मोठ्याने. हे मला माहीत होतं. विसरले होते असं इथे लिहिलं, तर ते खोटं होईल.
संध्याकाळी ती पर्स खांद्याला लावून उभीच होती. "उदाहरण छान दिलंस, ताई." एवढं बोलून गेली.

१३ फेब्रुवारी
"जेवले. गोळी दिली. झोपले." धाकटीचा आजचा अहवाल. कापायला जागा नाही.

१५ फेब्रुवारी
बाबा घास तोंडात तसाच धरून ठेवतात. तीन दिवसांत ‘मग’ नाही. धाकटी मुकाट्याने भरवते, तोंड पुसते, घरी जाते. मी कोपऱ्यात उभी राहून बघते. दोघांच्या मध्ये आता कोणी बोलत नाही, तरी मला जागा मिळालेली नाही.

१६ फेब्रुवारी
न राहवून विचारलं, "पडद्यांचं काय झालं गं?"
"मिळाले."
म्हटलं, चुकलं माझं. ती ताटं विसळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "अर्थ बरोबरच दिलास. पण मी थांबले ना, की बाबांच्या छातीतली घरघर ऐकू येते. म्हणून बोलते मी."
मला ती घरघर कधी ऐकूच आली नव्हती. मी सकाळी सतत घड्याळ बघत असते.

१८ फेब्रुवारी
पान छपाईला अकरा मिनिटं उशिरा सोडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. संपादकांनी कारण विचारलं.
पावणेपाचला घरी फोन लावला होता. म्हटलं, पडद्यांचं सांग, पहिल्यापासून. "तुझं पान?" सांग म्हटलं ना. ती भीतभीत सुरू झाली. शिंपी, मेहुणा, टाके, दवाखान्यातल्या बाकावर मांडून मोजलेलं कापड. दोन खिडक्यांचं माप, कापड एकीपुरतंच. "मग मी म्हटलं, एकच शिवा. आमच्या ताईच्या खोलीला. रविवारी जरा पडते तर ऊन तोंडावर येतं तिच्या."
तिने दम घेतला. मागून जड, ओढलेला आवाज आला.
"मग... ताई?"