हिरव्या पाइपाचा वास

बुधवार, संध्याकाळ. आज नळाला पाणी आलं होतं.

डोकं अजून तापलेलंच आहे. ह्यांनी जुन्या व्हॅनचं फिरतं घर केलं. आत ओटा, टाकी, सगळं हौसेनं. आणि टाकी भरायला काय लावलं? अंगण धुवायचा हिरवा पाइप! त्या पाण्याचा पहिला चहा केला, तर त्याला रबराचा वास. मी म्हटलं, पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा पांढरा पाइप मिळतो, तो आणा. तर म्हणतात, "पाणी तेच की! उगं नखरे करू नकोस."

नखरे? मी?

तडक दुकानात गेले. दुकानदारानं दोन्ही पाइप हुंगायला दिले. हिरव्याला तोच वास. पांढरा घेतला आणि घरी येऊन ह्यांच्यापुढं आपटला.

तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, "आई, घरच्या टाकीला पण हाच लावा की."

घरची टाकी. दर चौथ्या दिवशी पाणी येतं, तेव्हा ती त्याच हिरव्या पाइपनं भरतं कोण? मीच. ही सूनबाई लग्न होऊन माळशिरसहून आली, तेव्हाच म्हणाली होती, पाण्याला वास येतो. अजून ऑफिसातून बाटली भरून आणते.

आणि त्या दिवशी सगळ्यांदेखत "नखरे करू नकोस" म्हणणारीही मीच.