मगरिबच्या आधी तोडलेला रोजा

अब्बा, अम्मी रोज संध्याकाळी लातूरहून फोन करते आणि एकच विचारते, आज तरी अब्बांसाठी दुआ मागितली का? सध्या माझे रोजे चालू आहेत. रमजानचे नाहीत, दुसरे, त्याचं पुढं सांगते. रोजा सोडतानाची दुआ वाया जात नाही, म्हणून तिचा हट्ट. "पोरी, अल्लाहनं त्यांना माफ करावं म्हणून दोन शब्द बोल की. काय जातंय तुझं?" मी इकडं नांदेडमध्ये खजूर हातात धरून बसलेली असते. नवऱ्यासाठी मागते, सासूच्या गुडघ्यांसाठी मागते, शेजारणीच्या पोराच्या नोकरीसाठीसुद्धा मागते. तुमचं नाव आलं की तोंड मिटतं. ते का, हे सांगायला बसलेय. आपल्या घरच्या बोलीत, दक्खनीत लिहिलं असतं, पण ती लिहायची कशी ते मला येत नाही, कारण तुम्ही मला इंग्लिश मीडियममध्ये घातलं. इंग्रजी तुम्हाला कळायची नाही. राहिली मराठी, ती निदान आपल्या बेकरीच्या पाटीवर होती.

आधी हे ऐका की मी खूश आहे. खरंच खूश, दाखवायला नाही. पहाटेची, फजरची नमाज झाली की मी गल्लीतल्या बायकांना गोळा करते आणि गोदावरीच्या घाटाकडं चालायला निघते. बुरख्याखाली स्पोर्ट्स शूज. मागून आरडाओरडा असतो, "ए बाई, हळू की! गाडी सुटून राहिली का तुझी?" दुसरी म्हणते, "तिला बोलू नको, आता वाटेत पानी बसून प्यायला लावती." आणि मी लावतेच. बसून, तीन घोटांत. पोटाचा एक भाग जेवणाला, एक पाण्याला, एक रिकामा. रात्रीची इशाची नमाज झाली की फोन बाजूला आणि झोप. दुपारी थोडी डुलकी. एकीची शुगर उतरली, एकीचं डोकं दुखायचं थांबलं, आणि माझ्या छातीतली ती सारखी धडधड, बारावीपासूनची, ती गेली. नमाजला उभी राहते तेव्हा दिवसातून पाच वेळा कुणी मला रँक विचारत नाही. एवढं साधं आहे हे. आणि चीड येते ती याचीच, कारण हे सगळं आपल्या घरात होतं. पाणी तीन घोटांत तुम्हीच प्यायचात. इशानंतर लगेच तुम्हीच झोपायचात. फक्त ते तुमच्यापुरतं होतं.

तुमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा तुम्ही लातुरात दुसऱ्याच्या बेकरीवर कामाला होतात, म्हणून वाचलात. दादा-दादी घराच्या दगडांखाली गेले. मी नंतर जन्मले, त्यामुळं माझ्यासाठी भूकंप म्हणजे तुमचं एक वाक्य, "घर पडतं, दुकान पडतं. डिग्री पडत न्हाई." आणि दुसरं, जे तुम्ही पाहुण्यांसमोर बोलायचात, "आमची आई एक नमाज सोडत नव्हती. काय झालं?" हे बोलून तुम्ही टोपी घालायचात आणि मशिदीत जायचात. मला हे कधी कळलंच नाही. अल्लाहवर रुसलेला माणूस पहिल्या रांगेत कसा उभा राहतो? आता वाटतं, तुम्ही रुसला नव्हता. तुम्हाला फक्त माझ्या बाबतीत रिस्क घ्यायची नव्हती.

मग लातुरात क्लासेसची लाट आली, आणि तोवर आपली स्वतःची बेकरी झाली होती, बरोबर क्लासच्या गल्लीत. उदगीरची, निलंग्याची, कुठकुठली पोरं सकाळच्या बॅचला जाताना उभ्या उभ्या खारी-चहा घ्यायची. डोळे लाल. तुम्ही त्यांच्याकडं असं बघायचात जसं लोक हज करून आलेल्याकडं बघतात. मला फजरच्या आधी उठवायचात, स्वतः नमाजसाठी हात-तोंड धुवायला, वजूला जायचात आणि मला सांगायचात, "तू केमिस्ट्री घे." मी म्हणायची, नमाजला दहा मिनिटं लागतात. "तुझी नमाज हीच. राहिलेल्या नंतर कझा कर, भरून काढ. मी हाय ना." तीच पहाट, तीच खोली, तुम्ही मुसल्यावर आणि मी पिरिऑडिक टेबलवर. जेवायला वेळ नाही म्हणून मी पण खारीवरच. ॲसिडिटी झाली, केस मूठमूठ गळायला लागले, पाळी चुकायला लागली. अम्मी म्हणाली, डॉक्टरला दाखवू. तुम्ही म्हणालात, "आधी हिला डॉक्टर होऊ दे, मग घरातच दाखव." सगळे हसले. मी पण हसले.

रमजानात तर मी आपल्याच घरात पाहुणी. सगळे दस्तरख्वानवर अजानकडं कान लावून बसलेत, आणि तुम्ही माझ्याकडं भज्यांची प्लेट सरकवताय, "तू खा, तुला कुठं थांबायचंय?" बारावीच्या वर्षी मी गुपचूप एक रोजा ठेवला. डबा मैत्रिणीला दिला. ती तुमच्याकडं टोस्ट घ्यायला आली आणि कौतुकानं बोलून गेली, "काका, आज टेस्ट असून रोजा धरलाय हिनं!" थोड्या वेळानं तुम्ही क्लासच्या गेटवर. हाताला मैदा, हातात लिंबू सरबताचा ग्लास, त्यावर बशी झाकलेली. टेस्ट सुरू व्हायची होती, मगरिबला, म्हणजे रोजा सुटायला, जेमतेम तास राहिला होता.

"पी."

"अब्बा, थोडंच राहिलंय."

"पी म्हनतो ना."

"पेपरमध्येच अजान होईल. मी तिथंच पाण्यानं सोडते."

"आनि चक्कर येऊन पडलीस तर? वर्ष जाईल सगळं. पी. गुन्हा माझ्या मानेवर."

गेटवरची पोरं बघून राहिली होती. एक जण म्हणाला, "चाचा, आम्हालापन द्या की!" मी प्यायले. तुम्ही ग्लास रिकामा झाला का ते बघितलं, बशी घेतली आणि गेलात. तुमचा स्वतःचा रोजा होता. तो तुम्ही व्यवस्थित, वेळेवर, खजूर खाऊन सोडला असणार. मी तेव्हा फिजिक्सचा तिसरा प्रश्न सोडवत होते आणि खिडकीतून अजान येत होती.

मेडिकलला नंबर लागला नाही. निकालाच्या दिवशी तुम्ही एवढंच बोललात, "एवढं करून हेच?" आणि त्याच हिवाळ्यात बेकरीत, गल्ल्यावर बसल्या जागी, तुमचं हार्ट बंद पडलं. माझं उत्तर ऐकायला पण थांबला नाहीत. अख्खी गल्ली जनाज्याला आली. बाया म्हणाल्या, नमाजी माणूस, सरळ जन्नतमध्ये जाणार. मी कोपऱ्यात बसून विचार करत होते, यांची जन्नत पक्की, माझी कुणी बघायची होती?

यंदा आमच्या आपांनी, त्या आम्हा बायकांना दुपारी दीन, म्हणजे धर्माचं, शिकवतात, सांगितलं की रमजानचा धरलेला रोजा धडधाकट असताना मुद्दाम मध्येच तोडला तर कफ्फारा बसतो, सलग दोन महिने रोजे, मध्ये फक्त पाळीचे दिवस सोडून. आजारपणामुळं तोडला तर एकाच्या बदल्यात एक. मी सगळ्या बायका जाईपर्यंत थांबले आणि ग्लासाची गोष्ट सांगितली. मानेवर घेतलेल्या गुन्ह्याचं पण विचारलं. आपा म्हणाल्या, "कुनाचा गुन्हा कुनाच्या मानेवर जात न्हाई, बेटी. ज्याचा त्याला." मग म्हणाल्या, "मला फक्त एक सांग. त्या वेळी चक्कर येत होती का तुला? येत असेल तर बापानं बरोबरच केलं. एक रोजा ठेव आनि विसरून जा."

मी ताडकन म्हटलं, "नाही. मी एकदम ठणठणीत होते."

"मग दोन महिने," आपा म्हणाल्या. "थंडीत धर, दिवस लहान असतात."

म्हणून हे रोजे. चाललेत छान. पोट हलकं, डोकं शांत, बायका म्हणतात चेहऱ्यावर तेज आलंय. अम्मीला मी आज पण नाही म्हणाले. ती रडली, मी फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं. ज्याला पाठवायचं त्याचा पत्ताच नाही, आणि अम्मीला वाचून दाखवणार नाही, कारण पुढचं तिला सांगायचं नाहीये. आपांना पण सांगितलेलं नाही.

त्या गेटवर माझे पाय कापत होते का, डोळ्यांपुढं अंधारी येत होती का, मला आठवत नाही. किती वेळा आठवून बघितलं. तुमच्या हाताचा मैदा आठवतो, त्या पोराचा आवाज आठवतो, सरबतात साखर जास्त होती ते आठवतं. माझंच अंग आठवत नाही. तरी मी नाही म्हटलं. एका रोज्यात भागलं असतं, अब्बा, तर तुम्ही बरोबर ठरला असता. त्यापेक्षा दोन महिने उपाशी राहणं मला सोपं वाटलं.