आत्याची माती

३ जून

चि. पदवीधर बाईसाहेबांस, आत्याचे उरलेसुरले आशीर्वाद.

घरी सगळं ठीक आहे, तुझ्या बापाची अब्रू सोडून. लोक शेतातलं गवत उपटतात. घरात पहिली पदवी आणणारी पोर गेल्या पावसाळ्यात सुट्टीत येऊन गवत पेरून जाते! माझ्या शेताच्या खाली, दादाच्या शेताच्या वरच्या कडेला, ते आता गुडघाभर झालंय. न्हाव्यानं दाढी करता करता दादाला विचारलं म्हणे, की पोरीची फी गवत शिकायला भरली होती का. दादा तोंडाला साबण तसाच घेऊन घरी आला. पेरणीआधी तो पट्टा नांगरून टाकायचं ठरलं आहे. तू तिकडे नोकरीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

लोभ आहेच, गवतावर नाही.
तुझी आत्या

११ जून

ति. आत्यास सा. न., तुझ्या विळ्यालाही.

ते शोभेचं गवत नव्हे. शेतं होण्याआधी या उतारावर तेच होतं. जुन्या खाणीच्या कडेला थोडं उरलंय, तिथून मी बी गोळा केलं. त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात. तू मात्र औषध मारून बांधाचं टक्कल करतेस आणि त्याला टापटीप म्हणतेस! पावसात ओढा गढूळ होतो तो कुणाच्या मातीनं, हे त्या न्हाव्यालाच विचार. बाबांना म्हणावं, एवढा एक पावसाळा थांबा. जमलं नाही तर मी स्वतः येऊन नांगर धरीन आणि शेतीवर पुन्हा तोंड उघडणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
भाची

२४ जुलै

चि. बाईसाहेबांस आ.

दादा लेकीपुढे विरघळला, नांगर फिरलाच नाही. परवाच्या पावसात माझा बांध फुटला. वरचा सगळा काळा थर वाहत गेला आणि तुझ्या गवतात जाऊन बसला. माझी माती आहे ती! घमेलं घेऊन गेले, तर दादा काठी घेऊन उभा. म्हणतो, कडेच्या आत आलं ते माझं. काल गवताची लाज वाटत होती, आज त्याचीच राखण! त्यात कुठलासा टीचभर पक्षी अंडी घालून बसलाय, तोही माझ्यावरच ओरडतो. तू पेरलंस, आता तूच निस्तर.

लोभ मातीसकट परत करावा.
आत्या

३० जुलै

ति. आत्यास सा. न.

खूप काही लिहिणार होते, आवरलं. बाबांना कळवलंय, की माती आत्याची आहे, काठी खाली ठेवा. पण ती मुळांनी धरलीय, नुसती सुटायची नाही. गवताच्या ठोंबांसकट खण, पक्ष्याचा कोपरा सोडून. आणि फुटलेल्या बांधावर ठोंबांसकटच लाव. नाहीतर पुढच्या पावसात ती पुन्हा भावाच्या दारात येऊन बसेल.

भाची

८ ऑगस्ट

चि. बाईसाहेबांस आ.

ठोंब लावले. न्हाव्याची बायको बांधाकडे बघून खोचकपणे हसली. मी सांगितलं, काय करणार बाई, हल्ली गवत निंदायला माणसंच मिळत नाहीत. तू कुठे पचकलीस तर याद राख.

येताना खाणीकडचं आणखी थोडं बी आण. पिशवीचं तोंड बांधून आण.

आत्या