सशिणीच्या पिलांना बाटली नको

सूनबाई,

तुला नि बाळाला गाढ झोप लागलीय, म्हणून उठवत नाही. डॉक्टरला गुडघे दाखवून दुपारपर्यंत येते.

सशिणीच्या पिलांना बाटलीने दूध पाजू नकोस. ती दिवसभर पिलांकडे फिरकत नाही म्हणून काल मीच तिला बळेच खोक्यात कोंडलं, तर घाबरून तिने एक पिलू तुडवलं. आज पहाटे आपणहून आली, पाचेक मिनिटं पाजलं आणि गेली. स्वतःचे केस उपटून तिने गादी केलीय, त्यात पिलं उबेला आहेत, पोटं टम्म आहेत.

परवा तू कामावरून उशिरा आलीस तेव्हा मी 'कसली आई तू' म्हणाले. चुकलं माझं. टेबलावर तुझा राजीनाम्याचा कागद दिसला. तो देऊ नकोस. बाळाला मी बघते.

आई