सहा जणांचा तंबू

४ ऑगस्ट, सकाळी ६.१०
तंबू घेतला. सहा जणांचा, वॉटरप्रूफ. मी, ही, लेक, जावईबापू, चिरंजीव आणि दीड वर्षाचा नातू. कारखान्यात सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो, माणसं मोजण्यात चूक होत नाही.

कार्यक्रम असा: डोंगरापलीकडच्या खोऱ्यात तीन दिवस फॅमिली कॅम्पिंग. तिथे एका अंगाला पीचच्या बागा, दुसऱ्या अंगाला द्राक्षमळे आणि वायनरी. जागा हिच्यासाठी निवडली. हिचा पीचवर फार जीव. घरी सोलायची तीसुद्धा रबरी ग्लोव्ह्ज घालून. माझ्या ट्रेनिंगचा परिणाम.

खरा हेतू फक्त इथे लिहितो: हिला परत घरी आणणे. नातवाला दात येतायत म्हणून जानेवारीत लेकीकडे गेली. दात येऊन जुने झाले, ही अजून तिथेच आहे.

७ ऑगस्ट
सर्वांना सर्क्युलर पाठवलं. कामांची वाटणी, उठण्याच्या वेळा, प्रत्येकाला शिट्टी. उत्तरं आली. लेक म्हणाली बघू. जावईबापू म्हणाले बघतो हं बाबा. चिरंजीवांनी नुसता अंगठा पाठवला. ही फोनवर आली नाही, पण लेकीने सांगितलं की आई बघू म्हणतेय.

आमच्या घरात बघू म्हणजे हो. मला कुणी नाही म्हटल्याचं आठवत नाही. शंभर टक्के उपस्थिती.

१९ ऑगस्ट
तंबू उभारण्याची तालीम हॉलमध्ये घेतली. साडेतीन तास. पंख्याचं एक पातं वाकलं, पंखा मुळात फार खाली लावलाय. दुपारचा चहा तंबूतच घेतला. आत बसल्यावर घर एवढं मोठं वाटत नाही.

संकल्प: सरावासाठी आजपासून इथेच झोपायचं.

३० ऑगस्ट
चिरंजीवांचा मेसेज. ऑफिसचं काम निघालं, जमणार नाही, सॉरी बाबा. हरकत नाही. सामानाला जागा लागणारच होती.

५ सप्टेंबर, दुपारी ३
एक दिवस आधी पोचलो, जागेची पाहणी करायला. तंबू दोन पीचच्या झाडांमध्ये उभा आहे. किंचित डावीकडे कललाय, पण वारा तिकडूनच येतो. एका झाडाला ‘आणीबाणीत येथे जमा’ अशी पाटी ठोकली. बागवाल्या बाईंनी लगेच काढायला लावली. म्हणाल्या, झाडाला खिळे ठोकतात का काका? लोकांना सुरक्षेचं गांभीर्य नाही.

मग त्यांनीच विचारलं, बाकीची मंडळी कुठायत? म्हटलं, येतायत.

६ सप्टेंबर, सकाळी ११.२०
दहाची वेळ दिली होती. लेकीचा मेसेज: बाळाला सर्दी आहे, तंबूत नको. वायनरीच्या गेस्ट हाऊसवर दोन खोल्या घेतल्यात. उद्या दुपारी चक्कर टाकतो.

म्हणजे आले ते आलेच. चार किलोमीटर अंतर, एकाच आवारात राहिल्यासारखं.

संध्याकाळी ५
सहज चालत वायनरीपर्यंत गेलो. अगदी सहज. मंडळी बाहेर फिरायला गेली होती. टेस्टिंग सुरू होतं, बसलो. सगळी जोडपी. तिथली मुलगी म्हणाली, वाइन तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. चांगली वस्तू थुंकणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सहा ग्लास झाले. जवळच्या जोडप्याला आगीचे प्रकार समजावून सांगितले. हिच्याबद्दलही काही बोललो असावं, कारण त्या मुलीने खुर्ची जवळ ओढून मला पाणी दिलं.

७ सप्टेंबर, दुपारी ३
आले. माझ्या सर्क्युलरमध्ये नऊची वेळ, पोचले बारा चाळीसला. स्वागताची शिट्टी वाजवली, नातू दचकून रडायला लागला. जावईबापू त्याला घेऊन द्राक्षं दाखवायला गेले.

हिने केस कापलेत. छान दिसते. सांगायचं राहिलं.

सकाळी स्वतः तोडलेले चार किलो पीच टोपलीत भरून हिच्यापुढे धरले. ही दोन पावलं मागे सरकली. लेक म्हणाली, अहो बाबा, आईला पीच चालत नाहीत! ती लव हाताला लागली की कोपरापर्यंत पुरळ उठतं, पहिल्यापासून. मी म्हटलं, मग ग्लोव्ह्ज? लेक म्हणाली, म्हणूनच तर ना.

तीस वर्षं. सोलायची, फोडी करायची, माझ्यापुढे ठेवायची. ती स्वतः खात नाही हे मी पाहिलंच नाही. मी म्हटलं, सांगायचं होतंस. ही हळूच म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत?

लेक नातवाकडे गेली तेव्हा प्रस्ताव मांडला. लिहून आणला होता, तीन मुद्दे. पहिल्यावरच हिने थांबवलं. म्हणाली, माझा तुमच्यावर राग नाही हो. पण तिकडे मला मोकळं वाटतं. मी नाही येणार परत.

बघू म्हणाली नाही.

सव्वादोनला निघाले. बाळाची झोपायची वेळ झाली होती.

८ सप्टेंबर
तिसरा दिवस न थांबता सकाळीच परत निघालो. तंबू त्याच्या पिशवीत मावत नाही, कंपनीचा दोष. पीच बागवाल्या बाईंना देऊन टाकले. त्यांनी विचारलं, डोळे का लाल झालेत? म्हटलं, मळ्यात फवारणी चालू आहे ना, त्याने. त्या म्हणाल्या, फवारणी कधीच संपली काका.

एकंदरीत ट्रिप ऐंशी टक्के यशस्वी.

९ सप्टेंबर
नव्हती यशस्वी. ती नाही म्हणाली आणि मला तिच्याशिवाय करमत नाही.

१४ सप्टेंबर
आठवडाभर विचार करून उपाय काढला. कधी विचारलंत, असं म्हणाली ना? तर विचारायचं. बारा प्रश्न काढले, क्रमवार. कोणतं फळ आवडतं. पहाटे उठायला आवडायचं का. शिट्टीचा त्रास व्हायचा का. शेवटचा प्रश्न तीनदा खोडला आणि परत लिहिला.

दुपारी दीडला फोन केला. लेकीने उचलला आणि लगेच हिच्याकडे दिला. कागद समोर होता, चष्मा डोळ्यांवर होता. माझा घसा साफ होईपर्यंत हीच बोलली. म्हणाली, जेवलात का?

मी हो म्हणालो. ही म्हणाली, बरं, ठेवते. मी म्हटलं, ठेव.

बारांपैकी एकही विचारला नाही. तिने एकच विचारला आणि मी खोटं उत्तर दिलं. सकाळपासून काही खाल्लेलं नाही.